सशाची कॅसेट

तिसऱ्या रविवारीही कुत्रीच आली.

चार कुत्री, त्यातलं एक लंगडं, आणि त्यांच्यामागून सायकल ढकलत एक गुराखी. सावली गावाच्या पुढे महीकाठच्या घळींत, एका बाभळीच्या आडोशाला संपतराव तासभर पोटावर पडून होते. वीस पावलांवर त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं यंत्र ठेवलेलं. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कॅसेटप्लेअर आणि अॅम्प्लिफायर, शेजारी स्कूटरची बॅटरी, आणि वर गणपती मंडळाच्या अडगळीतून मागून आणलेला भोंगा. त्या भोंग्यातून जखमी सशाची किंकाळी एकसारखी निघत होती. ती ऐकून कोल्हा यायला हवा होता.

गुराख्याने भोंग्यात डोकावून पाहिलं, मग बाभळीखाली पडलेल्या पन्नाशीच्या माणसाकडे पाहिलं.

"काका, आ शुं मांड्युं छे? ससलुं मरे छे के रेडियो?"

"कांई नथी भाई, तमे जाओ," संपतराव म्हणाले, आणि उठून त्यांनी यंत्राचं बटण असं दाबलं की ते डब्याच्या आत गेलं ते बाहेर आलंच नाही.

थोड्या अंतरावर घडीच्या खुर्चीत त्यांचे वडील, बळवंतराव, बसले होते. वय ऐंशी, गळ्याभोवती पांढरा रुमाल, मांडीवर शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी. त्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि पेन्सिलीने तिच्यावर टकटक केलं.

"आबा, आत्ता नको," संपतराव पाटीकडे न बघताच म्हणाले. शेजारच्या धनाजीरावांची व्हॅन मागून आणली होती. तिच्यात त्यांनी डबा, बॅटरी, भोंगा आणि शेवटी आबा अशा क्रमाने सगळं चढवलं आणि बडोद्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आबांच्या बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता.

हा सगळा खटाटोप एका कोल्ह्यासाठी चालला होता. मारण्यासाठी नव्हे, शिकारीला बंदी येऊन पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि घरात बंदूक कधी नव्हतीच. बळवंतराव सतराव्या वर्षी संस्थानच्या शिकारखान्यात लागले ते साद घालायला. हाताची मागची बाजू ओठांवर दाबून ते सशाचा असा टाहो फोडत, की कोल्हा घळीतून बाहेर येऊन उभा राही. पुढे बंदूक कोणाची, नेम कोणाचा, हा मोठ्या लोकांचा मामला. संस्थान गेलं, शिकारखाना गेला, आबांनी उरलेली नोकरी एका गोदामात पोती मोजत काढली. पण दर हिवाळ्यात ते महीवर जात, साद घालत, आलेला कोल्हा डोळे भरून बघत आणि घरी येत. आळीतली निम्मी माणसं त्यांनी अशी नेऊन आणली होती. गोदामातल्या कारकुनाला कोण विचारतो? लोक विचारत ते या माणसाला.

दोन वर्षांपूर्वी गळ्याचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आबा वाचले. श्वास आता गळ्याच्या भोकातून चालू लागला आणि तोंड फक्त जेवायला उरलं. गळ्याला लावून बोलायचं एक उपकरण डॉक्टरांनी दिलं होतं. आबांनी ते एकदाच लावलं, भुंग्यासारखा तो आवाज ऐकून स्वतःच दचकले, पाटीवर लिहिलं, "हा मी नाही," आणि ते उपकरण कपाटात धोतरांच्या खाली गेलं. मग हळूहळू त्यांनी लिहिणंही कमी केलं. मागच्या अंगणातल्या हिंचक्यावर पेरूच्या झाडाकडे तोंड करून बसत, तासन्‌तास. जेवायला बोलावलं तर येत, नाही बोलावलं तर तेही चालत असे.

या सत्त्याण्णवच्या दिवाळीत संपतरावांनी त्यांच्यासमोर बसून विचारलं होतं, "आबा, तुम्हाला हवंय तरी काय?" आबांनी बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली आणि मग एकच शब्द लिहिला: "कोल्हा."

संपतरावांना एवढंच हवं होतं. कोयलीच्या रिफायनरीत तीस वर्षं ते दाबाचे आणि तापमानाचे काटे राखत होते. ज्याच्या हाताखालून इतके काटे सरळ झाले, त्याला एक ससा ओरडवता येणार नाही? शिवाय त्यांच्याकडे खजिना होता. एकोणनव्वदच्या जानेवारीत त्यांनी नवा टेपरेकॉर्डर घेऊन आबांबरोबर महीवर जाऊन त्यांची साद भरून घेतली होती. त्या दिवशी कोल्हा आला होता म्हणे. संपतरावांना दिसला नाही, कारण त्यांची नजर रेकॉर्डरच्या काट्यावर होती. आबांनी कोपराने ढोसून कानात काहीतरी सांगितलं, तर हे हातानेच 'थांबा' म्हणाले. काटा लाल पट्ट्यात चालला होता. काय सांगितलं ते राहूनच गेलं.

मग मागच्या खोलीत काम सुरू झालं आणि घराच्या नाकी नऊ आले. पहिल्यांदा अॅम्प्लिफायर घोंघावला. घोंघावणं थांबवलं तर भोंग्यातून रेडिओवरचे कापसाचे भाव ऐकू येऊ लागले. ते बंद केले तर प्लेअरचा रबरी पट्टा सकाळच्या थंडीत आखडून फिरू लागला आणि ससा रेड्यासारखा हंबरला. न्यायमंदिराच्या मागच्या गल्लीतला सुट्या भागांचा दुकानदार संपतरावांना पाहिलं की न विचारताच पट्ट्यांचा डबा पुढे करायचा. धनाजीराव रोज संध्याकाळी ओट्यावरून डोकवायचे. "अरे यार संपतराव, अलकापुरीत सीडीची मशिनं लागलीत शोकेसला, आणि तुम्ही अजून पट्ट्या चिकटवताय? कोल्ह्याला पण लाज वाटेल ने!"

संपतराव ऐकून घेत, कारण व्हॅन धनाजीरावांची होती.

खरी करामत त्यांनी कॅसेटवर केली. मूळ कॅसेटीत अर्धं मिनिट साद होती आणि मग पाच-पाच मिनिटं काहीच नव्हतं. वारा, पाचोळा, एखादा खोकला. पुन्हा साद, पुन्हा काहीच नाही. संपतरावांच्या धंद्यात याला एकच नाव: कचरा. कोल्ह्याला उगाच ताटकळत कशाला ठेवायचं? नक्कल काढली की खरखर वाढते, म्हणून काम मुळावरच करायचं, हा त्यांचा बाणा. त्यांनी ब्लेडने पट्टी कापली, सादेचे तेवढे तुकडे एकाला एक जोडले आणि त्याचं असं वेटोळं केलं की ससा न थांबता, न दमता ओरडत राहील. उरलेली पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या रात्री ते पोटभर जेवले, बायकोला म्हणालेही, "असा स्वच्छ ससा शिकारखान्याने ऐकला नसेल."

पहिल्या रविवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी लांबून एक कोल्हा ओरडला आणि उलट दिशेला निघून गेला. तिसऱ्या रविवारी कुत्री.

घरी आल्यावर आबांनी पुन्हा पाटी पुढे केली. टकटक, टकटक. बटण डब्यात गेलेलं, गुडघे सोललेले, त्यात धनाजीराव किल्ली घ्यायला आले ते हसत आलेले. संपतरावांची तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय टकटक लावलीय, आबा? महिनाभर मी जिवाचा आटापिटा करतोय! तुमच्या वेळी कोल्हे ढिगाने होते. तुम्ही नुसतं शिंकला असता तरी आले असते!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. आबांनी मुलाकडे पाहिलं. मग धोतराच्या सोग्याने पाटी पुसली, दोन्ही बाजूंनी, नीट, आणि हिंचक्यावर पालथी घालून ठेवली. पुढचे चार दिवस त्यांनी तिला हात लावला नाही.

संपतरावांना स्वतःची लाज वाटत होती. त्या माणसाकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि तीसुद्धा आपण खोटी पाडली. पण क्षमा मागावी कशी हे त्यांना कधीच जमलं नव्हतं. म्हणून त्यांनी अॅम्प्लिफायर उघडला आणि चांगले असलेले सांधे पुन्हा डागले.

गुरुवारी संध्याकाळी त्यांची बायको चिमणाबाई चहा घेऊन मागच्या खोलीत आल्या. कप टेबलावर ठेवला आणि गेल्या नाहीत.

"अहो, आबांची पाटी तुम्ही एकदा तरी वाचलीत का?"

"काय वाचायचंय तिच्यात?"

"तीन आठवडे तेच लिहून दाखवतायत. 'मधलं कुठं गेलं?' मला पण दाखवलं दोनदा. मला काय समजणार? मला वाटलं केळीच्या घडातल्या मधल्या फणीचं विचारतायत. जरा शांती ठेवून विचारा ने त्यांना."

संपतराव अंगणात गेले. पालथी पाटी उचलली, आबांच्या मांडीवर ठेवली आणि समोर उभे राहिले. "आबा, मधलं म्हणजे काय?"

आबांनी त्यांना जरा उभंच ठेवलं. ते त्यांना शोभलंही. मग पेन्सिल घेतली.

"मी गप्प बसायचो ते."

पुसलं. पुन्हा लिहिलं, या वेळी पाटीच्या कडेपर्यंत: "ओरडण्याने कोल्हा नुसता उठतो. गप्प झालं की त्याला वाटतं ससा संपला. मग येतो."

पुसलं. आणि मग ज्याला शिकारखान्यात उस्ताद म्हणत त्या माणसाने, नवशिक्याला सांगावं तसं, ठळक अक्षरांत लिहिलं:

"तुझा ससा मरतच नाही."

संपतरावांनी ते दोनदा वाचलं. महिनाभर त्यांनी तासन्‌तास किंचाळणारा, न थकणारा, न मरणारा ससा महीवर सोडला होता. कुठला शहाणा कोल्हा असल्या सशाच्या वाटेला जाईल? आणि जे खरं बोलावणं होतं, ते आपण ब्लेडने कापून कचऱ्यात टाकलं. त्यांनी कपाळावर हात मारला तो चांगला जोरात मारला.

"चिमणाबाई! मी टाकल्या होत्या त्या पट्ट्या? डबा कधी रिकामा केलास?"

"त्या ब्राऊन पट्ट्या?" चिमणाबाई दारातून म्हणाल्या. "टाकल्या कुठे? पेरूला बांधल्यात. पोपटांनी एक फळ ठेवलं नव्हतं."

संपतरावांनी मान वर केली. आबांच्या समोरच, महिनाभर ते ज्या झाडाकडे बघत बसत होते त्याच पेरूच्या फांद्यांवर, तपकिरी पट्ट्या वाऱ्याने फडफडत, चमकत होत्या.

"का हो? त्यात काय होतं?"

"गप्प होतं," संपतराव म्हणाले. मग पट्ट्यांकडे बोट करून, "आणि आबा. त्या दिवशी कानात काहीतरी बोलले होते. तेवढंच."

चिमणाबाईंनी तोंडावर हात ठेवला. घरात आबांचे फोटो होते, संस्थानच्या पट्टेवाल्याच्या वेशातलासुद्धा एक होता. पण त्यांचा आवाज दुसऱ्या कुठल्याही कॅसेटीत नव्हता. लग्नाच्या कॅसेटी होत्या, त्यांत सगळीकडे बँड वाजत होता. एवढी वर्षं माणूस घरात बोलत होता, तेव्हा त्याला भरून ठेवायचं कोणाला सुचतं? आणि जे चुकून भरलं गेलं, त्याने पोपट हाकलायचं काम चाललेलं.

शिडी लावून संपतरावांनी पट्ट्या काढल्या. दोन संध्याकाळी त्या गुंत्यात गेल्या. चिमणाबाई गाठी सोडवत, ते कापसाने पुसत आणि टेबलावर खुणा करून मोजत. एका सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर, म्हणजे पाच मिनिटांची शांतता चौदा मीटरच्या वर. काही तुकडे चुरगळले होते, काहींवरची तपकिरी भुकटी बोटाला येत होती, दोन-तीन पोपटांनी की वाऱ्याने, कोणी नेले कोण जाणे. कुठला तुकडा कुठला, याची खूण कशालाच नव्हती. वेटोळं उलगडून त्यांनी ते अंदाजाने सादेच्या मधे मधे जोडले.

मग पंखा बंद करून, दार लावून, टेबलावरच्या छोट्या स्पीकरला कान लावून ते ऐकत बसले. साद आली. मग सूं असा आवाज. पुन्हा साद. पुन्हा सूं. उन्हावाऱ्यात चुरगळलेल्या पट्टीत माणूस कुठेच नव्हता. त्यांनी तीनदा ऐकलं. तिसऱ्या वेळी त्यांनी कपाळ टेबलावर टेकलं आणि स्वतःच्या हातांना, त्या हुशार, स्वच्छ काम करणाऱ्या हातांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

बाहेर येऊन त्यांनी आबांना सांगून टाकलं. "आबा, तुमचा आवाज गेला. माझ्या हाताने गेला. त्या दिवशीही ऐकला नाही आणि आता उरलाही नाही. आणि परवा जे बोललो, ते बोलायला नको होतं मी."

आबांनी ऐकलं. पाटी घेतली.

"गप्प तरी आहे ना?"

"ते आहे."

"मग चल."

चौथ्या रविवारी ऊन कलताना ते पुन्हा त्या घळीत पोचले. पट्टी क्षीण झाली होती म्हणून संपतरावांनी आवाज शेवटपर्यंत वाढवून ठेवला, यंत्र वीस पावलांवर ठेवलं आणि आबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. आबांनी वारा बघितला आणि बोटाने सांगून खुर्ची बाभळीच्या दुसऱ्या बाजूला घेतली.

साद उठली. जवळजवळ नऊ वर्षांपूर्वीच्या आबांच्या तोंडचा ससा घळीभर ओरडला आणि थांबला. मग नुसतं सूं. संपतरावांना ती शांतता सोसवेना. एक मिनिट झालं. दोन झाली. जोड तुटला की काय? पट्टा घसरला की काय? बॅटरी? ते उठायला लागले तसा आबांनी त्यांचं मनगट धरलं. ऐंशी वर्षांच्या माणसाची पकड, पण सोडवता येईना. पुन्हा साद झाली, आधीपेक्षा दमलेली. पुन्हा गप्प. समोरच्या गवतात काही नव्हतं. संपतरावांचे हात शिवशिवत होते, आणि याही वेळी फजितीच पदरी पडणार याची त्यांना पक्की खात्री झाली होती.

आबांची पकड घट्ट झाली.

घळीच्या कडेला, गवत संपतं तिथे, कोल्हा उभा होता. कधी आला ते दिसलं नाही. भुरकट पाठ, कानांच्या कडा उन्हाने लाल झालेल्या, एक पाय जरा उचललेला. तो भोंग्याकडे बघत होता. संपतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा, समोर कुठलाही काटा नसताना, कोल्हा बघितला.

आबा खाली वाकले. जुन्या सवयीने त्यांनी तोंड मुलाच्या कानाशी नेलं. ओठ हलले ते संपतरावांना गालाजवळ कळलं, पण शब्द नाही, श्वासाची ऊबसुद्धा नाही. आबांचा श्वास आता त्या वाटेने येतच नव्हता. ओठ तसेच थांबले.

आणि भोंगा बोलला. हलक्या आवाजात म्हटलेलं, छोट्या स्पीकरवर सूंमध्ये बुडून गेलेलं, पण आता यंत्र शेवटपर्यंत वाढवलेलं, त्यामुळे घळीच्या दोन्ही काठांवर लख्ख ऐकू आलं:

"आला बघ, संप्या."

कोल्हा उडी मारून वळला आणि गवतात गेला.

"अरे तिच्या!" संपतराव ओरडले. महिनाभराची मेहनत, चार रविवार, आणि नेमका आत्ताच— ते यंत्राकडे धावत सुटले. निम्म्या वाटेत त्यांचे पाय थांबले. दोन वर्षांत त्यांना कोणी संप्या म्हटलं नव्हतं. म्हणणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

ते मागे वळले. आबा खुर्चीत गदगदा हलत होते. हसतायत की रडतायत ते कळायला मार्ग नव्हता, आवाज नव्हता ना. गळ्यावरचा रुमाल तेवढा भराभर आतबाहेर होत होता. संपतराव जवळ आले तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि पाटी उचलली. अक्षर वेडंवाकडं आलं.

"परत लाव."

"साद परत लावू? आता नाही यायचा तो, आबा. माणसाचा आवाज ऐकलाय त्याने."

आबांनी चिडून मान हलवली, पुसलं आणि लिहिलं: "ससा नको. पुढचं."

संपतरावांनी कॅसेट बाहेर काढली. चिकटवलेल्या जोडांच्या बाबतीत प्लेअरच्या मोटारीवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी खिशातली पेन्सिल कॅसेटीच्या भोकात घातली आणि एक-एक वेढा हाताने मागे फिरवला. मग ती पुन्हा डब्यात बसवली, आवाज जरासाच कमी केला, डबा, बॅटरी आणि भोंगा आबांच्या पायाशी आणून ठेवले आणि शेजारी बसले. सूं आवाज सुरू झाला. या वेळी तो संपायची त्यांना घाई नव्हती.

"आला बघ, संप्या."

"बघितला, आबा," संपतराव म्हणाले.